लॉगिन एकदाच करा, ब्राउझर मात्र प्रत्येक टेस्टला कोरा द्या

इथे आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) आणि टेस्टएनजी (टेस्ट चालवणारी चौकट) वापरून जावामध्ये 180 टेस्ट लिहिल्या आहेत. प्रत्येक टेस्ट नवा क्रोम उघडते, युजरनेम-पासवर्ड टाकते, ओटीपी टाकते, डॅशबोर्ड येईपर्यंत थांबते आणि मग मूळ कामाला लागते. यात दर टेस्टमागे 20 सेकंद जातात. सगळ्या टेस्ट एकाच ब्राउझरमध्ये, एकाच लॉगिनवर चालवता येतील का? करून पाहिलं, तर पहिला क्लास नीट चालतो आणि दुसऱ्या क्लासमध्ये ड्रायव्हर, म्हणजे ब्राउझर हाकणारं ऑब्जेक्ट, नल (रिकामा) येतो.

180 गुणिले 20 म्हणजे 3600 सेकंद. रोजच्या रनमधला पूर्ण एक तास नुसत्या लॉगिनवर जातोय. तो वाचवायलाच हवा, यात दुमत नाही. पण तुम्ही निवडलेल्या वाटेने मी स्वतः गेलोय आणि तिथून परत यायला बराच वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नलचं बघू, कारण त्यात अडकून तुमचे दोन दिवस गेलेत.

तुम्ही बेसक्लासमध्ये (सगळ्या टेस्टक्लासचा सामायिक पाया) ड्रायव्हर हे साधं फील्ड ठेवलंय आणि ते बिफोरसूटमध्ये, म्हणजे सूट (टेस्टचा पूर्ण संच) सुरू होण्याआधी चालणाऱ्या मेथडमध्ये, भरताय. टेस्टएनजी प्रत्येक टेस्टक्लासचं स्वतंत्र ऑब्जेक्ट बनवतं. सभासद क्लासचं एक, कर्ज क्लासचं दुसरं. बेसक्लासकडून वारशाने आलेलं ड्रायव्हर फील्ड दोघांकडे आपापलं असतं. बिफोरसूट मात्र अख्ख्या सूटमध्ये एकदाच चालतं आणि तेही यातल्या एकाच ऑब्जेक्टवर. त्या ऑब्जेक्टचं फील्ड भरतं, बाकीच्यांची रिकामीच राहतात. म्हणून पहिला क्लास हिरवा (पास) आणि दुसऱ्यात नलपॉइंटरचा एरर. तुमच्या कोडमध्ये टायपिंगची चूक शोधत बसू नका, ती नाही.

बिफोरटेस्टने हे सुटत नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे. नावावरून वाटतं की ते प्रत्येक टेस्टआधी चालेल. प्रत्यक्षात ते एक्सएमएल फाइलमधल्या टेस्ट या टॅगसाठी आहे आणि एका टॅगमध्ये दहा क्लास असले तरी एकदाच चालतं. प्रत्येक टेस्ट मेथडआधी काही व्हायला हवं असेल तर ते बिफोरमेथडमध्ये जातं. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हा फरक कागदावर काढून दाखवतो.

फील्डला स्टॅटिक केलं की नल जाईल. सगळ्या ऑब्जेक्टना एकच ड्रायव्हर दिसेल. पण मग पुढची पायरी येते: तुमच्या आफ्टरक्लासमध्ये क्विट आहे. पहिला क्लास संपला की ब्राउझर बंद. दुसरा क्लास येतो, ‘ड्रायव्हर नल असेल तर नवा बनव’ ही अट तपासतो आणि अट खोटी ठरते, कारण ऑब्जेक्ट अजून तिथेच आहे, फक्त त्याच्या मागचं सेशन मेलंय. मग ‘सेशन आयडी नल आहे, क्विटनंतर ड्रायव्हर वापरताय का?’ अशा अर्थाचा एरर येतो. क्विट केल्यावर लगेच फील्ड नल करा किंवा क्विट आफ्टरसूटमध्ये हलवा. आणि क्विटऐवजी क्लोज वापरू नका. क्लोज फक्त समोरची खिडकी मिटवतं आणि सेशन संपवायचं काम क्विटचं आहे.

एवढं केलंत की तुम्ही विचारलेलं जमलं. 180 टेस्ट, एक क्रोम, एक लॉगिन. इथेच थांबू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काही वर्षांपूर्वी मी पतसंस्थांसाठीच्या एका सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगवर होतो. आम्ही नेमकं हेच केलं होतं: स्टॅटिक ड्रायव्हर, एकच ब्राउझर. रात्रीचा रन झपाट्याने खाली आला आणि सगळे खूश होते. त्यात सभासदांच्या यादीचं एक पान होतं. वर शाखा निवडायचा ड्रॉपडाउन, खाली यादी. एक टेस्ट ‘नाशिक’ शाखा निवडून यादी तपासायची. अ‍ॅप ती निवड लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधली त्या साइटची साठवण) लक्षात ठेवायचं, म्हणजे युजर परत आला की तीच शाखा दिसावी. त्यानंतरची टेस्ट सभासदाचं नाव शोधायची आणि तीही रोज हिरवी यायची.

मग एका शाखेतून फोन आला. नवीन रुजू झालेल्या लिपिकाला यादीच दिसत नव्हती, पान कोरं. आमच्याकडे सगळं हिरवं. मी ती शोधाची टेस्ट एकटी चालवली आणि ती पहिल्याच झटक्यात लाल झाली. पहिल्यांदा येणाऱ्या युजरकडे जतन केलेली शाखा नसते आणि तशा वेळी कोड रिकामी शाखा पाठवून रिकामी यादी आणत होता. आमच्या टेस्टला हे कधीच दिसलं नाही, कारण तिच्या आधी धावणाऱ्या टेस्टने तिच्यासाठी नाशिक निवडून ठेवलेलं असायचं. टेस्टएनजी एका क्लासमधल्या मेथड मुळात नावाच्या अक्षरक्रमाने चालवतं. दोन मेथडच्या नावांचा क्रम असा पडला म्हणून तो बग लपला. कोणी नाव बदललं असतं तर तो त्याच रात्री सापडला असता.

त्या लिपिकाचा पूर्ण दिवस काउंटरवर लोकांची बोलणी खाण्यात गेला होता, हे मला नंतर कळलं. ते मला अजून लागतं. उगाच लाल होणारी टेस्ट त्रास देते, पण निदान ती काहीतरी सांगत असते. चुकीच्या कारणाने हिरवी असलेली टेस्ट आपल्याला गाफील ठेवते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ‘सेशन’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एक सेशन तुमच्या टेस्टचं आणि ब्राउझर चालवणाऱ्या ड्रायव्हरचं. नवा ड्रायव्हर बनवला की त्याला सेशन आयडी मिळतो, क्विट केलं की तो संपतो. 2018 साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने वेबड्रायव्हरचं (बाहेरून ब्राउझर चालवायच्या पद्धतीचं) स्टँडर्ड मंजूर केलं, त्यातलं सेशन हे. दुसरं सेशन वेबसाइटचं: तुम्ही कोण आहात हे सर्व्हरने ओळखावं म्हणून ब्राउझरकडे दिलेली कुकी किंवा टोकन. एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याची पद्धत) स्वतःची आठवण नसते, म्हणून 1994 साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली आणि आजही बहुतेक लॉगिन तिच्यावरच उभं आहे.

तुमचे 20 सेकंद कुठे जातात ते घड्याळ लावून बघा. क्रोम उघडायला त्यातले थोडेच लागतात. बाकीचे लॉगिनचं पान, ओटीपी आणि डॅशबोर्डचे आहेत. म्हणजे तुम्हाला जे वाटून घ्यायचंय ते दुसरं सेशन आहे. ती एक कुकी प्रत्येक टेस्टला द्या आणि ब्राउझर नवा उघडा. वेळही वाचतो आणि नाशिक शाखा कोणाच्या वाट्याला उरत नाही.

सेलेनियममध्ये हे असं करा. सूट सुरू होताना एकदाच लॉगिन करा, सगळ्या कुकी वाचून फाइलमध्ये लिहा, तो ब्राउझर बंद करा. मग बिफोरमेथडमध्ये नवा ड्रायव्हर उघडा, तुमच्या साइटच्या एखाद्या हलक्या पानावर जा, कुकी घाला आणि त्यानंतर हव्या त्या पानावर जा. हलकं पान म्हणजे नसलेल्या पत्त्याचं 404 चं पानसुद्धा चालेल. आधी साइटवर जाणं चुकवू नका. कोऱ्या टॅबवर कुकी घालायला गेलात तर ‘इनव्हॅलिड कुकी डोमेन’ येतं, कारण ज्या डोमेनवर उभे आहात त्याचीच कुकी घालता येते. वाचतानाही तेच. समोरच्या पानाला लागू असलेल्या कुकीच हाती येतात. तुमचं लॉगिन वेगळ्या डोमेनवरच्या सिंगल साइन-ऑनने (अनेक सेवांसाठी एकच सामायिक लॉगिन) होत असेल तर तिथल्या कुकी या यादीत नसतील. बहुतेक वेळा अ‍ॅपची स्वतःची कुकी पुरते, पण ती संपल्यावर अ‍ॅप पुन्हा साइन-ऑनकडे पाठवतं आणि टेस्ट तिथे अडकते.

एचटीटीपी-ओन्ली कुकीची काळजी करू नका. पानावरच्या जावास्क्रिप्टला ती दिसत नाही, वेबड्रायव्हरला दिसते.

तुमचं अ‍ॅप टोकन लोकल स्टोरेजमध्ये ठेवत असेल तर मात्र कुकीने भागणार नाही. जावास्क्रिप्ट चालवून लोकल स्टोरेजच्या नोंदी वाचाव्या आणि परत लिहाव्या लागतील. इथे एक बारकावा आहे. कुकी पोर्ट बघत नाही. लोकल स्टोरेज प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट तिन्ही बघतं. 8080 वर मिळवलेलं टोकन 8443 वर दिसणार नाही, कुकी मात्र दिसू शकते. सेशन स्टोरेज तर टॅबपुरतंच असतं, त्यामुळे नव्या ब्राउझरमध्ये ते स्वतः भरावं लागतं. आणि भरताना सगळं जसंच्या तसं उचलू नका. फक्त लॉगिनच्या नोंदी घ्या. नाहीतर जतन केलेली शाखा तुम्हीच प्रत्येक टेस्टला पोचवाल आणि माझी गोष्ट तुमच्याकडे पुन्हा घडेल.

लॉगिनचं पान उघडायचीसुद्धा गरज नाही, जर लॉगिनचा एपीआय (पान न उघडता सर्व्हरला विनंती पाठवायचा मार्ग) थेट मारता येत असेल. एका रिक्वेस्टमध्ये कुकी मिळते. फक्त काही अ‍ॅप सेशनला युजर एजंट (ब्राउझरची ओळख सांगणारी ओळ) किंवा आयपी बांधून ठेवतात. अशा वेळी रिक्वेस्ट पाठवताना ब्राउझरचाच युजर एजंट द्या, नाहीतर कुकी बरोबर असूनही सर्व्हर बाहेर काढतो आणि कारण कुठेच दिसत नाही. ओटीपीसाठी डेव्हलपरशी बोला. टेस्टच्या एन्व्हायर्नमेंटवर ठरावीक टेस्ट युजरना ठरावीक ओटीपी ठेवणं ही छोटी मागणी आहे, फक्त ती सोय प्रॉडक्शनमध्ये जाणार नाही याची खात्री त्यांच्याकडून लेखी घ्या.

आता ज्याने माझ्या टीमची सर्वाधिक धावपळ झाली ते सांगतो: लॉगआउटची टेस्ट. ती ‘बाहेर पडा’ दाबते, सर्व्हर ते सेशन रद्द करतो आणि तीच कुकी वापरणाऱ्या सगळ्या टेस्ट एकदम लॉगिनच्या पानावर जाऊन आदळतात. प्रत्येकीचा ब्राउझर वेगळा असला तरी सर्व्हरवरचं सेशन एकच असतं, हे विसरून चालत नाही. पासवर्ड बदलणं, ‘सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर पडा’, युजरचा रोल बदलणं, या सगळ्या टेस्टचं तेच. यांना स्वतःचा वेगळा युजर आणि स्वतःचं ताजं लॉगिन द्या. आणि लॉगिनच्या टेस्ट पानावरूनच, हाताने टाइप केल्यासारख्या चालू द्या. एपीआयने कुकी मिळते म्हणून लॉगिनचं बटण चालतंय असं सिद्ध होत नाही.

पॅरलल, म्हणजे अनेक टेस्ट एकाच वेळी वेगवेगळ्या थ्रेडवर, चालवायचं म्हटलं की स्टॅटिक ड्रायव्हर पूर्ण मोडतो. वेबड्रायव्हर एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरायला बनलेलाच नाही. एक टेस्ट फॉर्म भरत असते आणि दुसरी त्याच खिडकीत दुसरं पान उघडते. म्हणून लोक थ्रेडलोकल वापरतात: प्रत्येक थ्रेडला आपला ड्रायव्हर. ते बरोबर आहे, पण थ्रेड परत वापरले जातात, त्यामुळे क्विटनंतर थ्रेडलोकलमधली नोंद काढून टाका. शिवाय प्रत्येक थ्रेडला वेगळा टेस्ट युजर द्या. बँकिंगच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये एका युजरचं एकच लॉगिन चालतं, दुसरं झालं की पहिलं तुटतं. आणि तसं नसलं तरी दोन टेस्ट एकाच खात्यावर एकाच वेळी पैसे जमा करू लागल्या तर शिल्लक कोणाचीच जुळत नाही. पायटेस्ट (पायथनमधलं टेस्टचं टूल) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की सेशन स्कोपचं फिक्श्चर (पूर्ण रनसाठी एकदाच करायची तयारी) एक्सडिस्ट या पॅरलल चालवणाऱ्या प्लगिनसोबत प्रत्येक वर्करमध्ये, म्हणजे प्रत्येक वेगळ्या प्रोसेसमध्ये, स्वतंत्र चालतं. चार वर्कर म्हणजे चार लॉगिन.

तुम्ही नवीन प्रोजेक्ट सुरू करत असता तर मी प्लेराइट हे ब्राउझर चालवणारं दुसरं टूल सुचवलं असतं. मायक्रोसॉफ्टने ते 2020 च्या जानेवारीत आणलं आणि त्याच्या रचनेत हा प्रश्न आधीच सोडवलेला आहे. ब्राउझर एकदा उघडतो, प्रत्येक टेस्टला त्याच्यात नवा कॉन्टेक्स्ट मिळतो. कॉन्टेक्स्ट म्हणजे इन्कॉग्निटो खिडकीसारखी स्वतंत्र जागा: स्वतःच्या कुकी, स्वतःचं लोकल स्टोरेज. तो बनवायला नवा ब्राउझर उघडण्याच्या मानाने वेळ लागतच नाही. लॉगिन झाल्यावर स्टोरेज स्टेट फाइलमध्ये उतरवायचं आणि पुढच्या प्रत्येक कॉन्टेक्स्टला ती फाइल द्यायची. त्यात कुकी आणि लोकल स्टोरेज येतं, सेशन स्टोरेज येत नाही, ते पान उघडण्याआधी स्क्रिप्टने घालावं लागतं. सायप्रेस या तशाच टूलनेही 12 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2022 च्या डिसेंबरपासून, प्रत्येक एंड-टू-एंड टेस्टआधी ब्राउझर साफ करणं हाच नियम केला आणि लॉगिन जपायला सेशनची कमांड पक्की केली. तिच्यात व्हॅलिडेटचं फंक्शन (लॉगिन अजून चालू आहे का ते तपासणारं) देता येतं, ते जरूर द्या. दोन्ही टूल याच निष्कर्षाला आली, हे मला बोलकं वाटतं. सेलेनियमकडेही वेबड्रायव्हर बायडाय या नव्या प्रोटोकॉलमधून युजर कॉन्टेक्स्टची सोय आली आहे, पण चालू असलेल्या 180 टेस्ट त्यासाठी आज उलथ्यापालथ्या करू नका.

‘आम्ही एकच ब्राउझर ठेवतो, पण मध्ये सगळ्या कुकी पुसतो’ असं म्हणणारे भेटतात. सगळ्या कुकी पुसण्याची कमांड समोरच्या पानाच्या डोमेनपुरतीच चालते, लोकल स्टोरेजला हातही लावत नाही. उघडा राहिलेला दुसरा टॅब, न मिटवलेला अलर्ट, सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी स्क्रिप्ट), डाउनलोडच्या फोल्डरमधली कालची पावती, हे सगळं तसंच राहतं. हे एकेक शोधून पुसण्यात जो जीव जातो त्यापेक्षा नवा ब्राउझर स्वस्त पडतो.

एक ब्राउझर टिकवून ठेवणं योग्य आहे अशाही जागा आहेत. कर्जाचा अर्ज, मंजुरी, वाटप, पहिला हप्ता, अशी एकच लांब साखळी तपासायची असेल तर ती एकाच ब्राउझरमध्ये जाणं स्वाभाविक आहे. पण मग ती एक टेस्ट म्हणून लिहा, आत पायऱ्या ठेवा. चार टेस्ट करून त्यांना एकमेकींच्या आधाराने उभं केलंत, तर तिसरी एकटी चालवून बघता येत नाही.

दुसरी जागा म्हणजे टेस्ट लिहितानाचं तुमचं स्वतःचं मशीन. वीस पायऱ्या पार करून एका पॉपअपवर पोचलात आणि लोकेटर (पानावरचा घटक शोधायची खूण) चुकला, की पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं जिवावर येतं. अशा वेळी क्रोम रिमोट डिबगिंग पोर्टसह, समजा 9222 वर, हाताने उघडा आणि क्रोम ऑप्शन्समध्ये डिबगर अ‍ॅड्रेस देऊन टेस्ट त्याला जोडा. 2025 मधल्या क्रोम 136 पासून नेहमीच्या प्रोफाइलवर हे पोर्ट उघडत नाही, त्यामुळे यूजर डेटाचं वेगळं फोल्डर द्यावं लागतं. वेगळं फोल्डर असंही चांगलंच, कारण तुमच्या खऱ्या ईमेलचं लॉगिन असलेल्या प्रोफाइलवर स्क्रिप्ट चालवूच नये. तेच फोल्डर दोन क्रोमना एकाच वेळी देऊ नका, ‘डिरेक्टरी आधीच वापरात आहे’ म्हणून दुसरा उघडणार नाही. ही सोय सर्व्हरवरच्या रात्रीच्या रनमध्ये नेऊ नका.

कुकीच्या फाइलबद्दल कडक राहा. ती फाइल म्हणजे चालू लॉगिन आहे. ज्याच्या हातात ती, तो युजर, पासवर्ड आणि ओटीपीशिवाय. गिटमध्ये जाऊ देऊ नका, जेनकिन्स (रन आपोआप चालवणारा सर्व्हर) जतन करतो त्या आर्टिफॅक्टमध्ये जाऊ देऊ नका, रन संपला की पुसा. फाइल वापरण्याआधी एखादा हलका एपीआय मारून बघा: 401 (लॉगिन नाही असं सांगणारा कोड) आला किंवा लॉगिनकडे रिडायरेक्ट झालं तर पुन्हा लॉगिन करून फाइल नव्याने लिहा. हे तपासलं नाही तर एखाद्या सकाळी पावणेदोनशे टेस्ट लाल दिसतील आणि कारण फक्त शिळी कुकी असेल.

आता तुमच्या 180 टेस्ट. लॉगिन, लॉगआउट, पासवर्ड आणि रोलच्या टेस्ट आधी बाजूला काढा, त्यांना हात लावू नका. उरलेल्यांपैकी एकच क्लास घ्या, कर्जाचा नको, सभासदांचा घ्या, आणि त्याला कुकीच्या फाइलवर आणा. आधीचा आणि नंतरचा वेळ टिपा. तो नीट चालला की मेथड इंटरसेप्टर (टेस्टएनजीमध्ये टेस्टचा क्रम बदलू देणारा कोड) लिहून त्या क्लासमधल्या टेस्टचा क्रम दर रनला उलटापालटा करा आणि आठवडाभर तसाच चालू द्या. जी टेस्ट एखाद्याच दिवशी लाल होईल तिचं नाव आणि तिच्या आधी कोणती टेस्ट धावली होती ते इथे लिहा. पुढचं आपण तिच्यावरून बघू.